व्हिसातला ‘व्ह’

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी दिलेल्या पहिल्या मुलाखतीत मला इंग्रजीबद्दल कुणी एकही प्रश्न विचारला नाही. पलीकडच्या बाई कॅमेरा सुरू करून हसल्या आणि म्हणाल्या, "पासपोर्ट कुठल्या देशाचा?" मी सांगितलं. दोन सेकंद कीबोर्डचा आवाज आला. "तुमचं इंग्रजी फार छान आहे," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे पालक नेटिव्ह टीचरच मागतात." नेटिव्ह म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले. चार मिनिटांत कॉल संपला. तोवर मी जेमतेम पाच वाक्यं बोलले होते आणि त्यातलं एक "कॅन यू हिअर मी?" होतं. छान इंग्रजी बहुधा तेच.

माझ्याकडे तेव्हा काय होतं ते सांगते. कॉमर्सची पदवी, सात वर्षांची ऑफिसातली नोकरी, आणि चार वर्षं शनिवार-रविवारी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवल्याचा अनुभव. त्या दोन दिवसांच्या आशेवर मी उरलेले पाच ढकलायचे. मग हेच पूर्ण वेळ का करू नये, आणि जिथे या कामाला मागणी आहे तिथे जाऊन का करू नये, असं वाटायला लागलं. जगाला इंग्रजीचे शिक्षक हवेत, मला शिकवता येतं, झालं. हिशोब सरळ होता. त्यात पासपोर्टचा रकाना धरायचा राहिला होता.

आधी देश चाळले. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांसाठी ई-२ व्हिसा असतो. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१०मध्ये लागू झालेल्या व्यापारी करारानं भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे, पण तिच्यातून आत शिरायला शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते, म्हणजे बी.एड.सारखं काहीतरी. माझी चार वर्षं शनिवार-रविवारची, त्यांना कोण विचारतो! जपानचा नियम वाचून तर मी हसलेच. तिथे शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी तुमचं स्वतःचं शिक्षण किमान १२ वर्षं त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. अकरावीपासून पदवीपर्यंत बोटं मोजली, पाच भरली. युरोपातल्या बहुतेक जाहिरातींत शेवटच्या ओळीत युरोपियन युनियनचा पासपोर्ट मागितलेला असायचा, त्यामुळे मी जाहिराती खालून वर वाचायला शिकले. वेळ वाचतो.

ब्रज काचरू हे मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ. १९८५मध्ये त्यांनी इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, जिथे इंग्रजी घरची आहे. बाहेरच्या वर्तुळात भारतासारखे, जिथे ती राज्यकर्त्यांबरोबर आली आणि राहिली. तिसरं पसरत जाणारं, जिथे लोक ती परकी भाषा म्हणून शिकतात. भरती करणारे लोक काचरू वाचत नसतील, पण वर्तुळं त्यांना तोंडपाठ आहेत. तिसऱ्यात नोकऱ्या निघतात, पहिल्याला त्या मिळतात आणि मधलं वर्तुळ अर्ज भरत बसतं.

तर आधी प्रमाणपत्र. टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, या नावाखाली बाजारात काय वाट्टेल ते मिळतं आणि ‘१२० तास’ हा आकडा सगळ्यांच्याच कागदावर असतो. मी केंब्रिजचं सेल्टा नावाचं प्रमाणपत्र केलं. तेही १२० तासांचंच. पण त्यात सहा तास तुम्हाला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं करतात, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या, आणि मागे बसलेला माणूस तुमची प्रत्येक हालचाल टिपतो. ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या तशाच कोर्समध्येही असे सहा तास असतात. ज्या कोर्सात तुम्हाला कुणी शिकवताना पाहतच नाही, त्याचा कागद बऱ्या शाळेत चालत नाही, हे मी पुढे मुलाखतींत दोन-तीनदा ऐकलं. या सगळ्या कोर्सांचं मूळ १९६२मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी घेतलेल्या दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणात आहे. आता ते चार आठवडे झालंय. दोन आठवडे वाढवून दिले त्यांचे आभार, नाहीतर मी वाचले नसते.

चार वर्षं शिकवलंय म्हटल्यावर मी जरा ताठ्यातच गेले होते. पहिला पाठ ४० मिनिटांचा, विषय प्रेझेंट परफेक्ट. ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ यांतला फरक. मी फळ्यावर काळाची रेघ काढली, दोन रंगांचे खडू वापरले, तीन उदाहरणं दिली, माना डोलताना पाहून खूश झाले. पाठ संपल्यावर आमच्या प्रशिक्षकांनी त्यांचा कागद माझ्यासमोर सरकवला. दर अर्ध्या मिनिटाला त्यांनी एक अक्षर लिहिलं होतं: मी बोलत असले तर टी, विद्यार्थी बोलत असले तर एस. कागदभर टीची रांग लागली होती, मुंग्यांसारखी. मध्ये कुठेतरी सात एस.

"तुम्ही फार छान समजावलंत," ते म्हणाले. "त्यांना समजलं का?"

"हो, माना हलवत होते ना."

"‘समजलं का?’ असं विचारल्यावर माणूस मान हलवतोच. मीही हलवली असती."

मग त्यांनी सांगितलं ते आमच्या धंद्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार: कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन, सगळे नुसतं सीसीक्यू म्हणतात. ‘समजलं का?’ हे विचारायचंच नाही. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणणाऱ्याबद्दल विचारायचं, किल्ली आत्ता त्याच्याजवळ आहे? नाही. कधी हरवली ते आपल्याला कळलं? नाही. ते महत्त्वाचं आहे? नाही. प्रश्न इतके बारके, की उत्तर हो-नाहीत यावं, आणि त्या उत्तरांतच नियम उघडा पडावा. लिहायला सोपं वाटतं. असे चार प्रश्न तयार करायला मी त्या रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते.

पुढच्या आठवड्यात माझ्या वाट्याला ‘यूज्ड टू’ आलं. गटातले बाकीचे, त्यांत दोघे जन्मापासून इंग्रजी बोलणारे, हे कसं समजावायचं म्हणून डोकं धरून बसलेले. एकानं तर मला विचारलं, "याला नियम असतो?" आणि मला तो फरक आरशासारखा स्पष्ट. कारण आपल्याकडे तो क्रियापदाच्या शेपटातच आहे. मी गेले, मी जायचे. ‘जायचे’ म्हटलं की त्यात सवय आली, पूर्वीचा काळ आला, आणि आता तसं नाही हेही बरंचसं आलं. तीन गोष्टी, म्हणून तीन प्रश्न. ‘ही यूज्ड टू स्मोक’ घ्या. पूर्वी ओढायचा का? एकदाच की नेहमी? आता ओढतो का? मी सगळ्यात आधी उठले आणि चहा घ्यायला गेले. त्या महिन्यात पहिल्यांदाच मला मराठी शाळेत शिकल्याचा काही उपयोग दिसला होता.

गर्व फार टिकला नाही. तिसऱ्या आठवड्यात उच्चारांचा पाठ होता, तो बघून प्रशिक्षकांनी मला बाजूला बोलावलं. "एक वाक्य म्हणा: द व्हेट गॉट वेट." मी म्हटलं. "पुन्हा." पुन्हा म्हटलं. त्यांच्या मते मी दोन्ही शब्द तंतोतंत सारखे उच्चारत होते. जनावरांचा डॉक्टरही तोच आणि ओलाही तोच. तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? मराठीत आपण व्हिसाही ‘व्ह’नं लिहितो आणि व्हाइटही ‘व्ह’नंच, आणि दोन्हीकडे जो आवाज काढतो तो त्या दोघांच्या अधेमधे कुठेतरी पडतो. व्हिसातल्या ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकून हवा घासत सोडायची. व्हाइटला ओठांचा चंबू करायचा, दातांनी मध्ये यायचंच नाही. महिनाभर मी आरशासमोर चंबू करत होते. घरच्यांनी विचारणं सोडून दिलं.

प्रमाणपत्र मिळालं, साधं पास. वर पास बी आणि पास ए असतात, ते मुलाखतीत एकदाही कुणी विचारले नाहीत.

मग अर्ज. या कामाच्या जाहिरातींचे अड्डे ठरलेले आहेत, टेफल डॉट कॉम किंवा डेव्हज ईएसएल कॅफे. रोज सकाळी तिथे जायचं, खालून वर वाचायचं. पाच महिन्यांत मी ६३ अर्ज पाठवले. उत्तरं आली ११. बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत फोटो मागतात, आणि फोटो गेल्यावरची शांतता ही वेगळी शांतता असते. ती ओळखायला लागले. टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६मध्येच एक निवेदन काढून सांगितलंय, की मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून शिक्षकाला डावलणं गैर आहे. मी एकदा रागाच्या भरात एका भरतीवाल्याला ते पाठवलंही, नम्र भाषेत. त्यानं उलट मला त्यांच्या शाळेचं माहितीपत्रक पाठवलं. कव्हरवर एक सोनेरी केसांचा शिक्षक फळ्याकडे बोट दाखवत होता.

आलेल्या ११ पैकी एका एजंटानं मला सांगितलं, टूरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं इथे आल्यावर बघू. मी विचारलं, आणि नाही झालं तर? "सगळ्यांचं होतं." हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याचा नंबर ब्लॉक करावा असं माझं मत आहे. टूरिस्ट व्हिसावर काम करणं म्हणजे बेकायदा काम करणं. पकडले तर जाता तुम्ही, एजंट जात नाही. शिवाय पगार थकला तर तक्रार घेऊन जाणार कुठे? दुसऱ्या एकानं ‘प्रक्रिया शुल्क’ मागितलं. चांगली शाळा शिक्षकाकडून नोकरीचे पैसे घेत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं, म्हणून तोही सुटला.

ज्या मुलाखतीनं काम झालं ती हनोईतल्या एका भाषाकेंद्राची होती. तिथेही पासपोर्ट विचारला, पण तो तिसरा प्रश्न होता. पहिला असा: "वर्गात १६ मुलं आहेत, वय दहा, आणि एक जण टेबलाखाली जाऊन बसलाय. काय कराल?" मी म्हटलं, टेबलाखालून दिसणाऱ्या वस्तूंची नावं सांगायला लावेन. समोरच्या बाई पहिल्यांदा मनापासून हसल्या. मग दहा मिनिटांचा डेमो, कॅमेऱ्यासमोर, मुलं म्हणून त्या स्वतः आणि त्यांचे एक सहकारी. ते सहकारी मुद्दाम ‘शी डोंट’ म्हणत राहिले. मी दुरुस्त केलं नाही, नुसती एक भुवई वर केली आणि "शी...?" म्हणून थांबले. त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं. सेल्टाची अर्धी फी त्या एका भुवईत वसूल झाली.

ऑफर आली. सोबतच्या तक्त्यात तासाचे दोन दर होते, नेटिव्ह आणि नॉन-नेटिव्ह. काम तेच, मुलं तीच, पुस्तक तेच. मी विचारलं. उत्तर मिळालं, की वर्षभरानं फेरविचार करता येईल. करारात लिहून द्या म्हटलं, तर तेवढी एक ओळ त्यांनी घातली. दर मात्र खालचाच. मी सही केली. अजून सलतं, खोटं कशाला बोलू?

करार वाचायला मी तीन रात्री घेतल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. आठवड्याला २२ तास शिकवणं लिहिलं होतं. पण ते वर्गातले तास. तयारी, तपासणी, पालकांच्या भेटी वेगळ्या. भाषाकेंद्रांचं काम मुलं शाळेतून सुटल्यावर सुरू होतं, म्हणजे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दिवसभर. मी पुन्हा शनिवार-रविवारकडेच चालले होते! वर्ग रद्द झाला तर पैसे मिळणार का, यावर करार गप्प होता. विचारून लिहून घेतलं. मुदतीआधी सोडलं तर दंड होता, तो एका महिन्याच्या आगाऊ सूचनेवर आणला. आणि पासपोर्ट. परमिटच्या कामासाठी तो काही दिवस त्यांच्याकडे द्यावा लागतो, ते ठीक. पण किती दिवस, आणि पोच कोण देणार, हे मी विचारलं तेव्हा त्या बाईंना राग आला नाही. तिथे माझा निर्णय खऱ्या अर्थानं झाला.

आता कागद. हा भाग मला आधी कुणी सांगितला असता तर दोन महिने वाचले असते.

व्हिएतनामच्या वर्क परमिटला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, आणि देशाबाहेरच्या कागदांवर अधिकृत शिक्के. मी कुठेतरी ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी दाखला, हा शब्द वाचला आणि उत्साहानं सगळ्या कागदांवर अपोस्टिल करून घेतलं. छान चौकोनी स्टिकर, क्रमांकासहित. हनोईला स्कॅन पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर: हे चालणार नाही. अपोस्टिल हे १९६१च्या हेग करारातलं प्रकरण. दोन्ही देश करारात असले तरच एकाचा स्टिकर दुसऱ्याला मान्य. व्हिएतनाम तेव्हा त्या करारात नव्हतं. म्हणजे मला परराष्ट्र मंत्रालयाचा साधा शिक्का आणि त्यावर व्हिएतनामच्या दूतावासाचा शिक्का हवा होता. आधी देश बघायचा, मग शिक्का. चूक पूर्णपणे माझी, पैसे गेले, आणि स्टिकर अजून माझ्या पदवीच्या पाठीवर चिकटलेलं आहे.

पुन्हा रांग लागली. तिथे खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला. "ताई, ही माणसं दोन आहेत."

पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. सेल्टाच्या प्रमाणपत्रावर वडील गायबच. मला यात आयुष्यात कधी काही खटकलं नव्हतं. आता दोन्ही-तिन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं, ते नोटरी करायचं आणि त्यालाही तेच सगळे शिक्के मारून आणायचे. मी विचारलं, "आणि प्रतिज्ञापत्रावर नाव कुठल्या क्रमानं लिहू?" गृहस्थांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पासपोर्टप्रमाणे. पुढे जन्मभर सगळं पासपोर्टप्रमाणे."

यात एक घड्याळ टिकटिकत असतं. पोलिसांचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. मी तो शहाणपणानं सगळ्यात आधी काढून ठेवला होता, आणि अपोस्टिलच्या घोळात तो शिळा व्हायला आला. तो सगळ्यात शेवटी काढायचा असतो. दुसऱ्यांदा काढायला गेले तेव्हा तिथल्या हवालदारांनी ओळखलं. "अजून गेला नाहीत?"

बाकीचं भराभर झालं. केंद्रानं त्यांच्याकडची परवानगी काढली, व्हिसा आला, मी गेले. तिथे वैद्यकीय तपासणी, कागदांचं व्हिएतनामीत भाषांतर, आणि काही आठवड्यांनी वर्क परमिट, दोन वर्षांचं. जास्तीत जास्त मुदत तेवढीच असते. पासपोर्ट सांगितलेल्या दिवशी परत मिळाला. पोच मी जपून ठेवली आहे.

शिकवायला लागल्यावर कळलं की तिथल्या मुलांना शब्दाचं शेवटचं व्यंजन जड जातं. ‘लाइक’चं ‘लाइ’, ‘नाइस’चं ‘नाइ’. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात, आणि ‘क’सारखी आली तरी ती पूर्ण सोडत नाहीत. मी ते व्यंजन हवेत पकडून दाखवायचे, मुठीत, आणि पोरं मुठी आवळून ओरडायची, "लाइक्क्!" हे मला जमलं, कारण आपल्या तोंडाला न जमणारा आवाज कसा छळतो ते मला ताजं ताजं माहीत होतं.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, आदल्या आठवड्यात आम्ही व्यवसायांचा धडा घेतलेला: पायलट, नर्स, व्हेट, सगळ्यांची चित्रं. त्या दिवशी पाऊस होता आणि मी भिजून आले होते. सहज बोलले, "सॉरी, माय शूज आर वेट." पहिल्या बाकावरची मुलगी माझ्या बुटांकडे बघत राहिली. मग हात वर करून अगदी गंभीरपणे विचारलं, "टीचर, शूज... डॉक्टर फॉर डॉग?"

वर्ग खिदळला. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एकाखाली दातांचं चित्र काढलं, दुसऱ्याखाली गोल ओठांचं, आणि सगळ्यांनी मिळून ड्रिल सुरू केलं. पोरांना दोन्ही पटकन जमले. ती मुलगी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून होती. मी ‘वेट’ म्हटलं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. मग तिनं, मी रोज त्यांना करते तसंच, तर्जनी हवेत गोल फिरवली.

"अगेन, टीचर."